ठिपकीला निरोप देताना

आज बुधवार, म्हणजे जनावरांच्या कार्यक्रमाचा वार. ठरल्याप्रमाणे आज शेळ्यांच्या जंताच्या औषधाबद्दल बोलायचं होतं. ते पुढच्या बुधवारी बोलू. कारण गेल्या पंधरा दिवसांत केंद्रावर जे फोन आले, त्यातले निम्मे एकाच गोष्टीसाठी होते. "ताई, तुमच्या कार्यक्रमात मागं कुत्री भुंकायची, ती हल्ली ऐकू का येत नाही?"

ती भुंकणारी म्हणजे आमची ठिपकी. रेकॉर्डिंगच्या खोलीची खिडकी जुनी लाकडी, तिला बोटभर फट. बाहेर पोस्टमन आला की ठिपकी भुंकणार आणि ते बरोबर ध्वनिमुद्रणात शिरणार. काढून टाकू म्हणायचो आणि राहून जायचं. ठिपकी आता नाही. ती फार दुखण्यात होती आणि बरी होणार नव्हती. शेवटी डॉक्टर मॅडमना बोलावून, इंजेक्शन देऊन आम्ही तिला निरोप दिला. हे तुम्हाला सांगायला आम्हाला पंधरा दिवस लागले, कारण गावात कुणी त्याला "मारलं" म्हणतं, कुणी "सोडवलं" म्हणतं आणि आमच्यातही पहिले चार दिवस दोन तट पडले होते. पण फोनवर तुमच्यातल्या तिघी-चौघींनी हळूच विचारलं, "आमचाही म्हातारा झालाय, काय करावं?" म्हणून आज सगळं नीट सांगायचं ठरवलं.

ठिपकी बारा वर्षांची होती. गेल्या दिवाळीनंतर तिच्या मागच्या सडाजवळ सुपारीएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, ती खात-पीत होती, म्हणून आम्ही "बघू" म्हटलं. संक्रांतीपर्यंत ती लिंबाएवढी झाली आणि शेजारी दुसरी आली. ज्या कुत्रीचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नसतं, तिला म्हातारपणी सडाच्या गाठी होणं फार आढळतं, आणि अशा गाठींपैकी साधारण निम्म्या कर्करोगाच्या निघतात. पहिल्यांदा माजावर येण्याआधी ऑपरेशन केलं तर हा धोका अगदी नगण्य उरतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं. गाठ लहान असतानाच काढली तर पुष्कळ कुत्र्या बऱ्या होतात. आमची वेळ गेली होती. छातीचा एक्स-रे काढला तेव्हा आजार फुप्फुसापर्यंत पोचलेला दिसला. (एवढंच बोलून पुढं जातो, पण जाता जाता: "दुखत नाही ना, मग बघू" हे आपण स्वतःच्या छातीतल्या गाठीबद्दलही म्हणतो. म्हणू नका. तालुक्याला जाऊन दाखवा.)

इथं एक गोष्ट ठासून सांगायची आहे. कुत्रं उठत नाही, खात नाही, डोळे मिटून पडलंय म्हणजे त्याचं भरलं, असं घरच्या घरी ठरवू नका. गोचीड तापात धडधाकट कुत्रं चार दिवसांत आडवं होतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. बघणाऱ्याला वाटतं आता संपलं. पण रक्त तपासून वेळेवर औषध सुरू केलं तर तेच कुत्रं पंधरा दिवसांनी दारात उभं राहतं. म्हाताऱ्या कुत्रीच्या गर्भाशयात पू होतो. ती सारखी पाणी पिते, पोट फुगतं. त्याला तातडीचं ऑपरेशन आहे आणि ते वेळेत झालं तर ती वाचते. मागच्या बाजूला रक्त गाळणारी फुलकोबीसारखी गाठ येते, तीसुद्धा सलाइनमधून द्यायच्या औषधानं बहुतेक वेळा पूर्ण जाते. तेव्हा आधी निदान, मग बाकी सगळं. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात यंत्रं नसतील तर मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथं सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यांच्या दवाखान्यात दाखवता येतं.

निदान झालं आणि डॉक्टर म्हणाले की यावर इलाज नाही, तरी लगेच निरोपाची वेळ येत नाही. मधे काही आठवडे, कधी काही महिने असतात. ते दिवस बऱ्यापैकी घालवणं आपल्या हातात असतं. ठिपकीला ते साडेतीन महिने मिळाले.

त्यात आमच्याकडून एक मोठी चूक झाली. एका रात्री ती कण्हत होती. दवाखाना बंद. आमच्यातल्या एकीनं कपाटातली अंगदुखीची गोळी, आपण कंबर धरली की घेतो ती डायक्लोफेनॅकची, चुरून भाकरीत घालून दिली. चांगल्या मनानं दिली. दुसऱ्या दिवशी ठिपकीला कॉफीच्या गाळासारखी काळी उलटी झाली. पोटात जखम होऊन रक्त गेलं होतं. मॅडमनी सलाइन लावलं, आणि आम्हाला चांगलं सुनावलं. मैत्रिणींनो, माणसाची दुखण्याची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नका. डायक्लोफेनॅक नको, आयब्युप्रोफेन नको, तापाची पॅरासिटामॉलसुद्धा मनानं नको. मांजरीला तर पॅरासिटामॉलची एक गोळी म्हणजे मरणच. कुत्र्यासाठी वेगळी औषधं आहेत आणि ती वजनावर मोजून देतात. मॅडमनी मग मेलॉक्सिकॅमचं पातळ औषध दिलं, ते सुद्धा पोटाला आराम पडल्यावर, किडनी तपासून आणि खाल्ल्यावरच द्यायचं सांगून.

कुत्रं दुखणं लपवतं. माणसासारखं "आई गं" म्हणत नाही. म्हणून बघायचं कसं, ते ऐका. उन्हात नसताना, पळालेलं नसताना धापा टाकतं. रात्री एका जागी झोपत नाही, उठतं, फिरतं, पुन्हा बसतं. एकच जागा चाटत राहतं. हात लावला की गुरगुरतं, जे आधी कधी केलं नाही. घरातलं माणूस आलं तरी शेपूट हलत नाही. कोपऱ्यात, कॉटखाली, गोठ्याच्या मागं जाऊन बसतं. यातलं काही दिसलं तर "म्हातारपण आहे" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना सांगा.

सेवा म्हणाल तर खर्चाची नाही, हाताची आहे. शहाबादी फरशीवर म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय घसरतात, तिथं गोणपाट टाका. खाली जुनी गोधडी दुमडून द्या आणि कुत्रं स्वतः कूस बदलू शकत नसेल तर तीन-चार तासांनी तुम्ही बदला, नाही तर कोपराला आणि मांडीला जखमा होतात. भात जरा कोमट करून द्या, वासानं खावंसं वाटतं. पाण्याचं भांडं तोंडाजवळ ठेवा. तोंड उघडून घास कोंबू नका. तो फुप्फुसात गेला तर नवीन दुखणं. लघवीनं अंग भिजलं की लगेच पुसा, कारण पावसाळ्यात ओल्या केसांवर माशी बसते आणि दोन दिवसांत अळ्या पडतात. अळ्या पडल्या तर रॉकेल, पेट्रोल, फिनेल ओतू नका. आम्ही हे प्रकार पाहिले आहेत. जनावर किंचाळतं. त्याला फवाऱ्याचं औषध मिळतं, आणि अळ्या काढायचं काम दवाखान्यात होतं.

आता अवघड भाग. वेळ आली हे कळायचं कसं?

आम्हाला वाटायचं, डॉक्टर सांगतील. मॅडम म्हणाल्या, "ताई, आजार मी सांगेन. पण ती कशी जगतेय ते तुम्हाला रोज दिसतं, मला नाही." मग त्यांनी एक पद्धत समजावली. अमेरिकेत ॲलिस व्हिलालोबोस नावाच्या डॉक्टर आहेत, कर्करोग झालेल्या जनावरांवर त्या उपचार करतात. त्यांनी सात गोष्टी घालून दिल्या आहेत: दुखणं आवरतंय का आणि श्वास सुखानं घेता येतोय का, खातं का, पाणी पोटात जातं का, अंग स्वच्छ राहतं का, आनंद दिसतो का, चालता येतं का, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यायचे. सत्तरपैकी बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर सेवा चालू ठेवायला हरकत नाही. आम्ही गुण दिले खरे, पण प्रत्येकीची बेरीज वेगळी. जी तिला रोज भाकरी घालायची तिनं पंचेचाळीस दिले आणि जी तिची घाण काढायची तिनं अठ्ठावीस. यावरून भांडण झालं, ते इथं सांगत नाही.

शेवटी उपयोगी पडलं ते भिंतीवरचं कालनिर्णय. रोज संध्याकाळी निघताना तारखेवर खूण करायची. ठिपकीचा दिवस बरा गेला तर टिंब, वाईट गेला तर फुली. कशाला बरा म्हणायचं हे आधीच ठरवलं होतं: पोस्टमनवर भुंकली, स्वतः उठून निंबाखाली गेली, आणि थोडं खाल्लं. तीनपैकी दोन झालं तर टिंब. एप्रिलमध्ये टिंबंच जास्त होती. मेच्या शेवटच्या आठवड्यात सलग पाच फुल्या आल्या. पोस्टमन आला आणि गेला. ठिपकीनं नुसते कान हलवले. श्वास जड झाला होता, झोप लागत नव्हती. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही, पण कॅलेंडर सगळ्यांनी पाहिलं होतं.

आमच्यातल्या एक थोरल्या बाई अडून बसल्या. "खंडोबाचं जनावर आहे, दत्ताच्या पायाशी बसणारं. आपल्या हातून पाप नको. मरण देवानं द्यावं." आम्ही त्यांना उलट बोललो नाही, कारण निम्म्या जणींच्या मनात तेच होतं. मॅडमनीही वाद घातला नाही. त्या म्हणाल्या, "देवानं द्यायचं ते मरण येतंच आहे, मावशी. ते श्वास कोंडून यावं की झोपेत यावं, एवढंच आपण बघायचं." मावशींनी एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "धर्मराजानं कुत्र्याला वाटेत टाकलं नव्हतं. तुम्ही तिच्याजवळ बसणार असाल तर मी पण बसते."

कायद्याचंही विचारलं होतं एकीनं. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याला प्रतिबंध करणारा कायदा आहे. बऱ्या न होणाऱ्या, यातना भोगणाऱ्या जनावराला पशुवैद्यकानं वेदना न होता मरण देणं हा गुन्हा नाही. त्याला दयामरण म्हणतात. पण म्हातारं झालं म्हणून कुत्र्याला टेम्पोत घालून दुसऱ्या गावच्या वेशीवर सोडणं, जिथं ते उपाशी मरेल, हा गुन्हा आहे. आणि भाकरीत विष घालून "सुटका" करणं हा तर गुन्हाही आहे आणि फार यातनांचं मरणही. हे काम नोंदणी असलेल्या पशुवैद्यकाचंच. गावात फिरणाऱ्या कुणाकडूनही "एक इंजेक्शन मारून टाका" असं करवून घेऊ नका. नुसतं हालचाल बंद करणारं औषध दिलं तर जनावर पडून राहतं, पण शुद्धीत असतं. आधी भूल देणार का, हे स्पष्ट विचारा. विचारण्यात अपमान नाही.

एक मात्र वेगळं काढून सांगतो. कुत्र्याचा आवाज बदललाय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, उगाच चावायला धावतंय, तर ते पिसाळलेलं असू शकतं. तिथं मांडीवर घेऊन निरोप नाही. मुलांना लांब ठेवा, त्याला हात लावू नका, दवाखान्याला कळवा. चावलं असेल किंवा लाळ जखमेला लागली असेल तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या.

आता त्या दिवशी काय झालं ते सांगतो, कारण न कळल्यानंच भीती जास्त वाटते.

सकाळी सात वाजता मॅडम केंद्रावर आल्या. ठिपकीला गाडीत घालून न्यायची नव्हती, म्हणून आम्हीच यायची विनंती केली होती. सगळे डॉक्टर येऊ शकत नाहीत. त्यांच्यावर गुरांचं काम पुष्कळ असतं. विचारून पाहावं. निंबाखाली तिची गोधडी अंथरली. मॅडमनी आधी आम्हाला सगळं सांगितलं, कागदावर सही घेतली आणि मगच पिशवी उघडली. पैसेही आधीच देऊन टाकले होते, नंतर कुणाला सुचत नाही.

पहिलं इंजेक्शन मांसात, झोपेचं. मावशींनी आणलेलं उकडलेलं अंडं तिनं चाटलं, खाल्लं नाही. दहा मिनिटांत मान खाली गेली, धाप हळू झाली. कित्येक आठवड्यांत तिला इतकी गाढ झोप आम्ही पाहिली नव्हती. मग पुढच्या पायाचे थोडे केस काढून शिरेत सुई बसवली. दुसरं औषध म्हणजे भुलीचंच औषध, पण पुष्कळ जास्त मात्रेत. आपल्याकडे बहुधा थायोपेंटोन वापरतात, कुठं पेंटोबार्बिटल. आधी मेंदू पूर्ण बेशुद्ध होतो, मग श्वास थांबतो, मग हृदय. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं.

तीन गोष्टी आधी माहीत असाव्यात. डोळे उघडेच राहतात, सिनेमातल्यासारखे मिटत नाहीत. लघवी किंवा शी होऊ शकते, म्हणून खाली जुनं कापड ठेवा. आणि श्वास थांबल्यानंतरही एखादा मोठा श्वास घेतल्यासारखं होतं, कातडी थरथरते. ते जिवंतपणाचं लक्षण नाही, तेव्हा तिला काही कळत नसतं. हे आधी सांगितलं नसतं तर आमच्यातली एक तरी ओरडली असती. मॅडमनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, डोळ्याच्या बुबुळाला कापसानं हलकेच स्पर्श करून पाहिलं आणि म्हणाल्या, "गेली ती." घाई केली नाही. तिथंच आमच्यासोबत खाली मातीवर बसल्या.

जवळ कुणी बसायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. बघवत नसेल तर झोप लागेपर्यंत थांबा आणि मग आत जा. त्यात काही चुकीचं नाही. लहान मुलांना मात्र खरं सांगा. "ठिपकी झोपली" किंवा "डॉक्टरांकडे गेली" असं सांगितलं तर मूल रात्री झोपायला नाही तर दवाखान्यात जायला घाबरतं. "ती मेली, आता तिला दुखत नाही, ती परत येणार नाही," एवढं पुरे. झाडणाऱ्या ताईंचा सहा वर्षांचा मुलगा होता, त्यानं विचारलं, "मग तिची भाकरी कुणाला?" आम्हाला उत्तर देता आलं नाही. चहाच्या टपरीवरचा काळू तिच्याबरोबर हिंडायचा. त्याला जवळ येऊ दिलं. त्यानं वास घेतला, एक फेरी मारली आणि टपरीवर जाऊन बसला. मॅडम म्हणाल्या, बरोबरच्या कुत्र्याला असं हुंगू द्यावं, म्हणजे तो शोधत फिरत नाही.

पुरण्याबद्दल नीट ऐका. अशा इंजेक्शनानं गेलेलं कुत्रं ओढ्यात, उकिरड्यावर, माळावर टाकू नका. औषध देहात राहतं. त्याला तोंड लावलेलं दुसरं कुत्रं, कोल्हा, घार, गिधाड, तेही मरू शकतं. आधीच आपण गिधाडं घालवून बसलोय. गुरांना दिलेलं तेच डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि नव्वद टक्क्यांहून जास्त गिधाडं संपली, तेव्हा कुठं २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आम्ही कमरेच्या वर खोल खड्डा घेतला, विहिरीपासून आणि बोअरपासून लांब. प्लास्टिकमध्ये गुंडाळलं नाही, जुन्या लुगड्यात ठेवलं. वर माती दाबून दगड रचले, म्हणजे कोणी उकरणार नाही. शहरात जागा नसते. तिथं नगरपालिकेला विचारा, काही ठिकाणी लहान जनावरांसाठी दहनाची सोय झाली आहे.

त्या दिवशी दुपारचा कार्यक्रम झाला नाही, जुनी फीत लावली. एक गृहस्थ काही कामानं आले होते, ते म्हणाले, "कुत्रीसाठी एवढं? माणसं मेली तरी कुणी असं बसत नाही." आम्ही त्यांना चहा दिला. रडू येतं, भाकरी करताना एक जास्त होते, संध्याकाळी कुलूप लावताना हाक मारायला तोंड उघडतं. घरात कुणी हसलं तर हसू दे. आणि "लवकर केलं का, उशीर केला का" हे दोन्ही विचार येतात, एकाच रात्री. आम्हाला विचाराल तर आम्ही चार-पाच दिवस उशीर केला. त्या पाच फुल्यांमधल्या तीन तरी तिला टाळता आल्या असत्या.

ज्यांच्याकडे म्हातारं कुत्रं आहे त्यांनी या आठवड्यात दोनच कामं करा. आपल्या भागातल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांचा फोन नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि रात्री-अपरात्री काय करायचं ते त्यांना आत्ताच विचारून घ्या. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा बिनपैशाचा नंबर आहे. तो मुख्यतः गाई-गुरांसाठी आहे, पण कुठं जायचं ते विचारता येईल.

आणि त्या फोन करणाऱ्या मैत्रिणींसाठी: जुने कार्यक्रम रविवारी पुन्हा लागतात. कांद्याच्या चाळीच्या कार्यक्रमात, साधारण निम्म्यावर, पोस्टमन येतो. तेवढं भुंकणं आम्ही काढलेलं नाही.